माळ्यावरची वही : १९४५ ते १९५५चा कोकणी जमाखर्च कसा वाचावा

कोकणातल्या जुन्या घराचा माळा उपसला की लाल कापडी बांधणीच्या वह्या हमखास निघतात. सोबत सुतळीत ओवलेली मनीऑर्डरची कुपनं, साऱ्याच्या पावत्या, एखादं फाटकं रेशनकार्ड. गणपतीच्या आधीच्या साफसफाईत यातलं बरंचसं बंबात जातं. जाळू नका. दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या दहा वर्षांत देशातले अर्थतज्ज्ञ ज्या प्रश्नांवर भांडत होते, त्यांची उत्तरं या वहीत एका घरापुरती का होईना, सापडतात. धान्यावरचं सरकारी नियंत्रण ठेवावं की उठवावं, रुपयाचं अवमूल्यन कोणाच्या पथ्यावर पडलं, खंडाला, म्हणजे कुळाने जमीनमालकाला द्यायच्या हिश्शाला, कायद्याने मर्यादा घातल्यावर कुळाच्या पदरात काय आलं, मुंबईहून आलेला पैसा गावात फिरतो की आल्या पावली परत जातो, असे ते प्रश्न. वाचायची रीत मात्र ठाऊक हवी, कारण जुन्या वहीतला आकडा नुसता उचलला तर तो सर्रास फसवतो.

वही उघडण्याआधी

हे काम दिवाळीनंतर करा. पावसाळी हवेत कागद ओलसर असतो, पानं चिकटलेली असतात आणि ओढली की शाई एका पानावरून दुसऱ्यावर उतरते. वही सावलीत, वाऱ्यावर, उभी उघडून दोन दिवस ठेवा. उन्हात नको, कागद कुरकुरीत होऊन घडीवर तुटतो. कसर झटकायला रंगाचा मऊ, कोरा ब्रश पुरतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, दोन-चार वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. फोटो खिडकीच्या बाजूच्या तिरप्या उजेडात काढा. पेन्सिलीच्या नोंदी समोरून पडलेल्या फ्लॅशमध्ये नाहीशा होतात.

वह्या दोन प्रकारच्या असतात. रोजकीर्द म्हणजे रोजच्या रोज लिहिलेला जमाखर्च, आणि खतावणी म्हणजे त्यातूनच माणूसवार किंवा वस्तूवार काढलेली खाती. दोन्ही असतील तर भाव रोजकीर्दीतून घ्या. खतावणीत पुष्कळदा नुसती बेरीज असते, माप नसतं. वही मोडीत असली म्हणून घाबरू नका. आकडे आणि वस्तूंची नावं आठवडाभरात ओळखीची होतात, आणि आपलं निम्मं काम आकड्यांवरच आहे.

रेघा, आणे आणि पै

१ रुपया म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. ‘२७-११-९’ अशी नोंद सोपी आहे: ९ पै म्हणजे पाऊण आणा, ११.७५ भागिले १६ म्हणजे ०.७३४, एकूण २७.७३ रुपये. घोळ होतो तो रेघांच्या नोंदीत. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यानंतरच्या आडव्या किंवा तिरक्या रेघा म्हणजे एकेक आणा, त्या तीनच्या वर जात नाहीत. ‘५॥=’ म्हणजे पाच रुपये दहा आणे. नवखा वाचणारा ही उभी रेघ ‘१’ समजतो, आणि ‘५॥’चे ५११ होतात. बेरीज जुळेना की आधी इथे पाहा.

हाच रेघांचा हिशेब मापालाही लागतो. ‘३॥ पायली’ म्हणजे साडेतीन पायल्या. रक्कम आणि माप एकाच ओळीत शेजारी असतील तर कुठली रेघ कोणाची हे ठरवायला महिनाअखेरची बेरीज करून पाहणं हा एकच भरवशाचा उपाय आहे.

सावंतवाडी-बांद्याकडच्या वह्यांत गोव्याचा ‘रुपिया’ येतो. तो हिशेबात आपल्या रुपयाच्या बरोबरीचा धरतात, त्याच्या खालचं नाणं मात्र वेगळं.

मण म्हणजे किती?

सगळ्यात महागडी चूक इथेच होते. पक्का मण ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा. तो शेर ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३ किलो. मुंबईचा मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलो. गूळ, सुपारी, खोबरं असा मुंबईच्या दलालामार्फत गेलेला माल या दुसऱ्या मणात असू शकतो. चुकीचा मण धरलात तर भाव तिपटीने चुकतो.

धान्याचं माप वजनाचं नसतंच, ते भरून मोजायचं. ४ शेर म्हणजे १ पायली आणि २० मण म्हणजे १ खंडी हे बहुतेक ठिकाणी जमतं. मण किती पायल्यांचा, कुडव केवढा, हे गावागणिक बदलतं. कोष्टकावर विसंबू नका. घरात जुनी पायली किंवा शेराचं माप असेल तर त्यात तांदूळ भरा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. एकदा सपाट, एकदा शीग लावून. देताना सपाट आणि घेताना शिगेने मोजणाऱ्या घरांची संख्या कमी नव्हती, त्यामुळे दोन्ही वजनं टिपून ठेवा. माप हाताशी नसेल तर वहीतच अशी नोंद शोधा जिथे एकाच व्यवहारात पायली आणि मण दोन्ही आलेत.

‘भात’ हा शब्द दिसला की थांबा. वहीतलं भात म्हणजे टरफलासकटचं धान. १०० किलो भातातून साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. एका वर्षाचा भाताचा दर आणि दुसऱ्या वर्षाचा तांदळाचा दर शेजारी ठेवून ‘महागाई’ काढलेली पाहायला मिळते, ती महागाई नव्हे, ते कांडण. उकडा (भात उकडून कांडलेला) आणि सुरय (न उकडता कांडलेला) तांदूळ हेही वेगळे ठेवा.

नारळाचा, आंब्याचा शेकडा कधीकधी शंभराच्या वरचा असतो, कारण वर काही नग देण्याची पद्धत होती. घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची अशा दोन्ही वह्या असल्याशिवाय हे कळत नाही. एकच वही असेल तर निदान सगळी वर्षं तिच्यातलीच घ्या, म्हणजे चूक असली तरी दरवर्षी सारखीच राहील.

तारखा आणि आगोट

शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या नोंदींना ७९. शके १८७१ म्हणजे १९४९-५०. शकाचं वर्ष आणि एप्रिल ते मार्च हे सरकारी आर्थिक वर्ष जवळजवळ जुळतं, ही एक मोठी सोय. व्यापाऱ्याची वही दिवाळी पाडव्याला सुरू होते आणि तिच्यावर विक्रम संवत असू शकतो. संवत २००६ ऑक्टोबर १९४९मध्ये सुरू झाला. साऱ्याची पावती तिसऱ्याच वर्षाची: मुंबई इलाख्याचं महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै. तीन कागदांवर ‘१९४९-५०’ लिहिलेलं असेल आणि तिन्ही वर्षं वेगवेगळी असतील.

आता कोकणाची खास अडचण. रेल्वे नव्हती, आगबोट आणि गलबतं पावसात बंद. मेच्या अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, खरेदी व्हायची: तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, घासलेट, सगळं चार महिन्यांचं. त्यामुळे मेमधला खर्च फुगलेला, जुलैत वही जवळपास कोरी, आणि जुलैत जे काही विकत घेतलं ते चढ्या भावाने. मेच्या भावाशी ऑगस्टच्या भावाची तुलना करून सरकारी धोरणाला शिव्या घालण्यात अर्थ नाही, तो खवळलेल्या दर्याचा भाव आहे. तुलना नेहमी त्याच महिन्याची आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मे आणि नोव्हेंबर हे दोन महिने निवडा. मेमध्ये आगोटीचे भाव मिळतात, नोव्हेंबरात नव्या भाताचे.

तक्ता मांडताना आठ-दहाच वस्तू घ्या. तांदूळ, मीठ, घासलेट, गूळ, धोतरजोडी किंवा लुगडं, नारळ, सुपारी, काजू, गड्याची मजुरी, आलेली मनीऑर्डर. रकाने असे ठेवा: मूळ नोंद जशीच्या तशी, तारीख, वस्तू, माप, रक्कम दशांशात, माल कुठून आला, रोख की उधार. शेवटी ‘शंका’ नावाचा एक रकाना ठेवाच.

रुपया रुपयासारखा नाही

१९३९मध्ये देशात सुमारे १८० कोटींच्या नोटा होत्या. लढाई संपेपर्यंत त्या हजार कोटींच्या बऱ्याच पुढे गेल्या. ब्रिटिश सरकारने इथे माल आणि माणसं घेतली, त्याचे पौंड लंडनमध्ये भारताच्या नावे जमा झाले आणि इथे त्या बदल्यात रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या. ही स्टर्लिंग शिल्लक अखेर सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. त्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख. वहीतली लष्करातून किंवा आगबोटीवरच्या खलाशाकडून आलेली मनीऑर्डर याच नोटांतली. माल तेवढाच आणि नोटा सहापट, मग भाव चढणारच.

म्हणून कुठल्याही दोन वर्षांच्या रकमा शेजारी ठेवण्याआधी भावांकाने भागा. भारत सरकारच्या आर्थिक सल्लागाराचा घाऊक भावांचा निर्देशांक (ऑगस्ट १९३९ला संपलेलं वर्ष = १००) पूर्णांकात असा:

१९४५-४६ : २४५
१९४६-४७ : २७५
१९४७-४८ : ३०८
१९४८-४९ : ३७६
१९४९-५० : ३८५
१९५०-५१ : ४१०
१९५१-५२ : ४३५
१९५२-५३ : ३८१
१९५३-५४ : ३९८
१९५४-५५ : ३७७
१९५५-५६ : ३६०

समजा, मुलगा १९४५-४६मध्ये महिना २० रुपये पाठवत होता आणि १९५१-५२मध्ये ३०. २० भागिले २४५ गुणिले १०० म्हणजे लढाईपूर्वीचे ८ रुपये अडीच आणे. ३० भागिले ४३५ गुणिले १०० म्हणजे ६ रुपये साडेचौदा आणे. दीडपट रक्कम येऊनही घर गरीब झालं. तेच ३० रुपये १९५५-५६मध्ये ८ रुपये ५ आण्यांचे होतात, एक आणाही न वाढता. घरात ‘त्या वर्षी जरा बरं होतं’ असं ज्या वर्षाबद्दल सांगतात, त्याचं कारण कधीकधी मनीऑर्डरीपेक्षा या रांगेत सापडतं.

हा आकडा घाऊक भावांचा आणि अख्ख्या देशाचा आहे हे मात्र विसरू नका. त्यात आणखी एक मोठी खोट आहे, ती पुढच्याच प्रश्नात उघडी पडते.

नियंत्रण उठलं तेव्हा भाव खरंच किती चढले?

मुंबईत रेशनिंग २ मे १९४३पासून सुरू होतं. डिसेंबर १९४७मध्ये सरकारने धान्यावरचं नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठवायला घेतलं. गांधीजींचा तसा आग्रह होता. सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या भावमंडळाचं मत याच्या उलट होतं. निर्देशांक नोव्हेंबर १९४७मध्ये ३०२ होता, जुलै १९४८मध्ये ३९०वर गेला. सरकार घाबरलं आणि १९४८च्या शरदात नियंत्रण परत आणलं. हे सगळं पुस्तकात मिळतं. पण निर्देशांकात नियंत्रित वस्तूचा सरकारी दर धरला जाई. काळ्या बाजाराचा भाव त्यात नव्हताच. मग ती उडी किती खरी आणि किती नुसतं झाकलेलं उघडं पडणं? हे वही सांगू शकते.

नोव्हेंबर १९४७च्या पानांवर तांदळाच्या दोन तऱ्हेच्या नोंदी शोधा. एक रेशनच्या दुकानाची, ठरावीक दराची आणि ठरावीक दिवसांनी येणारी. दुसरी ‘परभारे’, ‘वरून’, ‘हस्ते अमुक’ अशी, दर चढा, कधी दर लिहिलेलाच नाही. दोन्हींची सरासरी मापाच्या प्रमाणात काढा. समजा रेशनचे २० शेर ८ आण्यांनी आणि बाहेरचे १२ शेर १४ आण्यांनी घेतले. १६० अधिक १६८ म्हणजे ३२८ आणे, भागिले ३२, शेराला सव्वादहा आणे. नियंत्रण उठल्यावर फेब्रुवारीत सगळा तांदूळ ११ आण्यांनी मिळतोय. सरकारी हिशेबाने ८वरून ११, म्हणजे साडेसदतीस टक्के वाढ. या घराच्या हिशेबाने जेमतेम सात टक्के.

इथे घाई करून ‘म्हणजे नियंत्रण उठवणंच बरोबर होतं’ असं लिहू नका. ज्या घराला काळ्या बाजारातून एक शेरही परवडत नव्हता आणि जे रेशनच्या २० शेरांवरच पोट बांधून राहत होतं, त्याला वाढ पूर्ण साडेसदतीस टक्के बसली. वही ठेवणारं घर बहुधा पहिल्या प्रकारचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या घराची वही नसते. त्याची सावली मिळते ती पहिल्या घराच्या खतावणीत, गड्याच्या उचलीच्या खात्यावर. त्या हिवाळ्यात उचल वाढली का, आणि ती पैशात घेतली की भातात, ते पाहा. या सबंध कामात सगळ्यात मोलाची नोंद कुठली असं विचाराल तर हीच.

रेशनकार्ड मिळालं तर प्रमाण तपासा. शहरी रेशनमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला १२ औंस धान्य होतं, जानेवारी १९५१मध्ये ते ९ औंसांवर आलं. आठवड्याला २.३८ किलोंवरून १.७९ किलो. मुंबईतला मुलगा त्या वर्षी गावाहून तांदूळ मागवायला लागला असेल तर कारण हेच. रफी अहमद किडवाई अन्नमंत्री झाल्यावर, १९५२पासून बंधनं सैल होत गेली आणि जुलै १९५४मध्ये तांदूळ मोकळा झाला. यावेळी भाव भडकले नाहीत, कारण पीक चांगलं होतं. १९४७ला आणि १९५४ला औषध एकच होतं, रोग्याची प्रकृती निराळी.

सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं १९४८मध्ये मुंबई प्रांतात आली. त्याआधी तिथले नियम वेगळे, म्हणून त्या भागातल्या १९४७च्या वहीवर हा प्रयोग करताना आधी रेशनचं दुकान कोणाचं होतं ते ठरवा.

एक छोटा, पण नेटका प्रयोग मिठाचा. मिठावरचा कर १ एप्रिल १९४७पासून रद्द झाला. कर मणाला १ रुपया ९ आणे होता, म्हणजे पक्क्या शेराला साडेसात पै. मे १९४६ आणि मे १९४७ या दोन्ही आगोटींचा मिठाचा दर घ्या. साडेसात पै उतरला असेल तर सूट घरापर्यंत पोचली. तीन पैच उतरला असेल तर उरलेलं वाटेत कोणीतरी ठेवून घेतलं. मात्र दर पक्क्या शेराचा आहे की मापाच्या शेराचा, हे आधी बघा.

अवमूल्यन : काजू पाहा, तांदूळ नको

१८ सप्टेंबर १९४९ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८०वर आला आणि रुपया त्याच्या मागोमाग गेला. डॉलरला ३.३१ रुपये पडत होते, ते ४.७६ झाले. पाकिस्तानने अवमूल्यन केलं नाही, त्यामुळे तिकडचे १०० रुपये इकडचे १४४ झाले आणि ताग-कापसाचा व्यापार अडला. वहीत हे कुठे शोधायचं? तांदळात, गुळात मिळणार नाही. निर्देशांकही त्या वर्षी ३७६वरून ३८५वर एवढाच हलला. डॉलरच्या देशात जाणारी वस्तू घ्या. कोकणात ती काजू, कारण काजूगराचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका.

अमेरिकेतला भाव तोच राहिला असं धरलं तर त्याच डॉलरचे रुपये ४४ टक्के जास्त मिळाले. यातले बागायतदारापर्यंत किती आले? एप्रिल १९४९ आणि एप्रिल १९५० या दोन हंगामांचा काजूबीचा मणाचा दर घ्या. समजा १४ रुपयांचे १६ झाले. वाढ १४ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे ४४ पैकी साधारण एक तृतीयांश. बाकी कारखानदार, दलाल, निर्यातदार आणि तिकडचा खरेदीदार यांच्यात वाटलं गेलं.

एप्रिल १९५१ मात्र घेऊ नका. २५ जून १९५०ला कोरियात लढाई पेटली आणि जगभर कच्च्या मालाचे भाव उसळले. १९५१चा दर अवमूल्यनाच्या खात्यावर टाकला तर दोन कारणांची खिचडी होते. १९५०चा काजूहंगाम कोरियाच्या आधी संपला, म्हणून तोच एक स्वच्छ पुरावा. उसळी पुढे १९५२च्या सुरुवातीला फुटली. त्याआधी, नोव्हेंबर १९५१मध्ये, बँक दर, म्हणजे रिझर्व्ह बँकेचा कर्जावरचा व्याजदर, ३ टक्क्यांवरून साडेतीन झाला होता, तेव्हा देशमुख अर्थमंत्री होते. मार्च १९५२च्या आसपास व्यापाऱ्याने माल उचलायला टाळाटाळ केल्याच्या नोंदी किंवा पत्रं दिसली तर ती त्याचीच खूण.

एका धोतरजोडीला किती नारळ

१९५०मध्ये राऊल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट मांडली: शेतमाल विकून कारखान्याचा माल घेणाऱ्याची सौदाशक्ती काळाच्या ओघात उतरत जाते. त्यांचा विषय देशादेशांमधला व्यापार होता. पण कोकण आणि मुंबई यांच्यातलं देणंघेणं याच साच्यातलं आहे, म्हणून हिशेब इथेही करता येतो. धोतरजोडीची किंमत एका नारळाच्या किमतीने भागा. एका जोडीला १९४६मध्ये किती नारळ, १९५०मध्ये किती, १९५५मध्ये किती. घासलेटच्या बाटलीला किती सुपाऱ्या. हे गुणोत्तर असल्याने निर्देशांक लागत नाही.

दोन ठिकाणी पाय घसरतो. नियंत्रणाच्या काळात कापडावर कमाल किंमत छापलेली असे, आणि वहीत पुष्कळदा तीच उतरवलेली असते. प्रत्यक्ष दिलेले वरचे पैसे ‘किरकोळ’ खात्यात लपतात. कापडाच्या दिवशीचा ‘किरकोळ’ संशयाने पाहा. दुसरं, ६ एप्रिल १९५०पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. माडीसाठी खंडाने दिलेल्या माडांचं उत्पन्न वहीतून एकदम गायब होतं, आणि ते माड नारळासाठी राखले तर पुढच्या वर्षी नारळ वाढतात. तेव्हा नारळाचा दर उतरला तर तो मुंबईच्या बाजाराचा दोष की दारूबंदीचा, हे आपल्या बागेतल्या माडीच्या झाडांची संख्या पाहून ठरवा.

मनीऑर्डर गावात किती फिरते

अर्थतज्ज्ञ केन्सचा गुणक सांगतो की एकाने खर्चलेला रुपया दुसऱ्याची मिळकत होतो, तो त्यातला काही खर्च करतो, आणि असं करत मूळ रुपयापेक्षा जास्त मिळकत उभी राहते. गावापुरता तो मोजायला ‘माल कुठून आला’ हा रकाना लागतो. समजा ३० रुपये आले. तांदूळ ९ (बंदरावरून आलेला), वाण्याची मागची बाकी ६, कापड ४, घासलेट-गूळ-चहा ३, सारा १. हे २३ गावाबाहेर गेले. गड्याची मजुरी ३, कोळणीला २, सुतार १, देवाचं १. हे ७ गावात राहिले. ७ भागिले ३० म्हणजे ०.२३. पुढचेही याच प्रमाणात खर्च करतात असं धरलं तर गावातली एकूण नवी मिळकत ७ भागिले ०.७७, साधारण ९ रुपये. तीसातले नऊ.

आणि तेही पैशातले. अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२मध्ये हाच मुद्दा काढला की आपल्यासारख्या देशात गुणक पैशाच्या मिळकतीला लागू पडतो, खऱ्या उत्पादनाला नाही, कारण मागणी वाढली म्हणून माल वाढत नाही. तपासायचं असेल तर मनीऑर्डरींच्या तारखांनंतरच्या आठवड्यात मासळीचा दर पाहा. मासळी जास्त विकली गेली, की तेवढीच मासळी महाग झाली?

याहून चांगली कसोटी १९५०ची. १४ ऑगस्टला मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी संप सुरू झाला आणि तो दोन महिन्यांहून जास्त चालला. गणपती संपातच गेले. कुपनांच्या सुतळीत तेवढा खंड स्पष्ट दिसतो. त्या दोन महिन्यांत वाण्याची उधारी किती वाढली, सुताराचं, न्हाव्याचं देणं किती तुंबलं, सण कशातून निघाला, हे उतरवून काढा. बहुतेक वह्यांत गावाची खरी बँक वाणीच होता असं दिसेल, आणि त्याचं व्याज दरातच मिसळलेलं असतं. रोखीचा आणि उधारीचा दर एकाच दिवशी मिळाला तर ते व्याज बाहेर काढता येतं.

अर्थतज्ज्ञ आर्थर लुइस यांनी १९५४मध्ये मांडलं की शेतीवर जादा माणसं आहेत, ती कारखान्याकडे गेली तरी पीक घटत नाही आणि मजुरीही बराच काळ वाढत नाही. हे तपासायला गड्याची मजुरी भातात मोजा: दिवसाचे पैसे भागिले त्या महिन्याचा भाताचा दर. फेब्रुवारीची वेगळी, जुलैतल्या लावणीची वेगळी. कोकणात लुइस उन्हाळ्यात खरा ठरतो आणि लावणीत खोटा. लावणीच्या पंधरा दिवसांत माणूस मिळत नाही, मजुरी वर जेवण द्यावं लागतं, आणि ते जेवण वहीत मजुरीखाली नव्हे, घरखर्चात असतं. ते धरलं नाही तर मजुरी ‘स्थिर’ दिसते.

खंड : कागदावरचा आणि खळ्यावरचा

मुंबई कुळकायदा १९४८च्या डिसेंबर अखेरीस अमलात आला. खंड जिरायतीला पिकाच्या एक तृतीयांशाहून आणि बागायतीला एक चतुर्थांशाहून जास्त घेता येणार नाही, आणि खंडाशिवाय दुसरी कुठलीही पट्टी, हक्क, वेठ घेता येणार नाही. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोताचं वतन, रद्द करणारा कायदा १५ मे १९५०पासून. खोताच्या किंवा जमीनमालकाच्या वहीत ‘अर्धेल’ (अर्धं पीक), ‘तिर्धेल’ (एक तृतीयांश पीक), ‘मक्ता’ हे शब्द शोधा आणि नोव्हेंबर १९४८चं खळं नोव्हेंबर १९४९च्या खळ्याशी ताडून पाहा.

तीन चित्रं निघू शकतात. अर्धेल तसंच चालू आहे, म्हणजे कायदा तिथे पोचलाच नाही. तिर्धेल झालंय, पण गवत, कोंबडं, पेंढा, लग्नकार्यातलं काम यांच्या नोंदी वाढल्यात, म्हणजे खंड वेश बदलून आलाय. आणि तिसरं, कुळाचं खातंच बंद झालंय आणि त्याच जमिनीच्या नावाने घरच्या गड्याची मजुरी सुरू झाली आहे. या तिसऱ्याबाबत तलाठ्याकडून जुना सातबारा आणि फेरफार काढा. कुळाने ‘राजीखुशीने’ जमीन सोडल्याची नोंद असेल तर तिची तारीख वहीतल्या खातं बंद झाल्याच्या तारखेशी ताडा, आणि त्याच सुमारास कुळाचं जुनं कर्ज माफ झाल्याची नोंद आहे का तेही. मक्त्यात मात्र ठरावीक भात देणं असतं. तिथे हिस्सा काढायला त्या वर्षीचं पीक लागतं, आणि मालकाच्या वहीत पीक लिहिलेलं नसतं. अंदाजाने भरू नका, ‘शंका’ रकान्यात टाका.

५००, १००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा १२ जानेवारी १९४६ला रद्द झाल्या होत्या. त्या महिन्यात वहीत काही विचित्र दिसलं की तेच कारण लावायचा मोह होतो. ज्या घरात महिना २० रुपयांची मनीऑर्डर येते तिथे पाचशेची नोट नव्हती. खोताच्या किंवा मोठ्या व्यापाऱ्याच्या वहीतच तो विचार करा.

१ एप्रिल १९५७पासून नवे पैसे आले. १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९, ४ आण्यांचे २५. वहीत ६, १२, १९ असे आकडे दिसू लागले की त्या पानापासून रेघांचं कोष्टक बाजूला ठेवा. पण उधारीची मागची बाकी त्याच पानावर अजून आण्यांतच ओढलेली असते, ती आधी वेगळी करा.